मदत हवी आहे : कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी गाणी, गोष्टी, खेळ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर आम्ही काही जण अंगणवाडीताईंना हातभार लावतो. मुलं घरी कोलामी बोलतात. ती द्रविड कुळातली भाषा, मराठीहून अगदी वेगळी. ताई मराठीत बोलल्या की लेकरं नुसती पाहत राहतात, आणि लोक त्यांना ‘मंद’ म्हणून मोकळे होतात. याचा फार त्रास होतो. हीच लेकरं पोडावर झाडांची नावं धडाधड सांगतात!

त्यात कापसाची वेचणी लागली की आया सकाळीच वावरात. धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण शाळा बुडवते, नाहीतर ते लेकरूही आईसोबत धुऱ्यावर (बांधावर) बसतं.

कुणाकडे कोलामी बडबडगीतं, गोष्टी रेकॉर्ड केलेल्या आहेत का? देवनागरीत लिहिलेल्याही चालतील. आज्यांकडून आम्ही गोळा करतोय, पण त्यांची गाणी बहुतेक सणाची, लग्नाची. इतक्या लहानांना जमतील अशी थोडीच.

आणखी एक. चिंचोके, तुरीच्या शेंगा, पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) काड्या घेऊन मोजायचे, जुळवायचे खेळ घेतो. पण तीन वर्षांचं मूल चिंचोका थेट तोंडात घालतं, घशात अडकायची भीती वाटते. त्या वयाला, फुकटात मिळणारं, मोठ्या आकाराचं तुम्ही काय वापरता?

मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत माडिया मुलांसोबत काम केलेल्यांनी जरूर लिहा. घरच्या भाषेतून मराठीकडे तुम्ही कधी आणि कसे वळलात, ते आम्हाला नेमकं हवंय. पैशांची मदत नको.