'क्लोन' गेमला मराठीत काय म्हणायचं?

रानमेवा: दिवाळी अंकासाठी घरगुती कॉम्प्युटरच्या पहिल्या पिढीवरचा एक लेख मराठीत आणतेय. गाडी 'स्नॅपर'वर अडलीय. 1982 मध्ये एकॉर्नसॉफ्ट कंपनीने बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरसाठी काढलेला हा गेम म्हणजे चक्रव्यूहात भुतांना चुकवत ठिपके गिळणारा पिवळा गोळा, सरळसरळ पॅकमॅन. इतका, की पहिली आवृत्ती मागे घ्यावी लागली. मग पिवळ्या गोळ्याला इवलेसे पाय आणि हिरवी काऊबॉय टोपी आली, भुतांच्या जागी काटकुळी माणसं आली, खेळ तोच राहिला. याला काय म्हणू? 'वाङ्मयचौर्य' लिहिलं तर संपादक म्हणतात, यात वाङ्मय कुठंय?

खडीसाखर: उचलेगिरी. झालं काम.

बांधावरून: उचलेगिरी नको. इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातीचं ते नाव, आजही लोकांना ऐकून घ्यावं लागतं. शिवाय आमच्या बीडकडे उचल म्हणजे ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. ते फेडावे लागतात. एकॉर्नसॉफ्टने काही फेडलं का?

शब्दपारखी: 'प्रतिरूप' हा नेमका, निर्दोष शब्द असताना ही शोधाशोध कशाला?

आमराई: अहो, क्लोनचं मूळ ग्रीक, अर्थ डहाळी. म्हणजे आपलं कलम! हापूसचं कलम म्हणजे खराखुरा क्लोनच असतो. 'कलमी गेम' म्हणा.

शब्दपारखी: कलम अरबी आहे.

आमराई: आणि प्रतिरूप संस्कृत. मराठी कधी येणार?

खडीसाखर: 'अटारी या गेम कंपनीने कलमी गेमवर कलम लावलं' असं वाक्य वाचायची माझी तयारी आहे.

चावडी: नक्कल का नको? तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल काढतो तेव्हा आपण चोर ठरतो का? उलट 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारून मिळते.

जुनी_कॅसेट: दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. एका टेपरेकॉर्डरवरून दुसऱ्यावर स्पेक्ट्रम कॉम्प्युटरच्या गेमची कॅसेट उतरवून घेणं, हे ढापणं. स्नॅपरचं तसं नाही. पॅकमॅनच्या आर्केड, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनमध्ये झेड-80 प्रोसेसर, बीबीसी मायक्रोत 6502. मूळ कोड समोर ठेवला असता तरी तो तसाच्या तसा चाललाच नसता. चक्रव्यूह, भुतांची चाल, आवाज, सगळं पडद्यावर बघून नव्याने लिहावं लागायचं. चित्रकलेच्या तासाला आम्ही म्हणायचो ना, 'बघून काढलंय, छापून नाही'? स्नॅपर बघून काढलेला.

कोर्टांचाही गोंधळ इथेच होता. 1981 मध्ये अमेरिकेत 'मीटिअर्स' नावाच्या आर्केड गेमवर अटारीने 'अ‍ॅस्टेरॉइड्स'ची नक्कल म्हणून दावा लावला. कोर्टाने 22 साम्यं मोजली आणि तरी अटारी हरली. अंतराळयान आणि दगड म्हटल्यावर एवढं साम्य यायचंच, कल्पनेवर कुणाची मालकी नसते, असा एकूण सूर. पुढच्याच वर्षी 'के. सी. मंचकिन' हा गेम अडकला. त्यात ठिपके फक्त 12 आणि तेही पळणारे, शिवाय आपला चक्रव्यूह आपण रचायची सोय. माझ्या मते तो पॅकमॅनपेक्षा कल्पक. पण अपील कोर्टाला तो गिळणारा प्राणी आणि ती भुतं फारच ओळखीची वाटली, आणि विक्रीवर बंदी आली.

रानमेवा: हे आवडलं. पण 'बघून काढलेले गेम' हे शीर्षक कसं दिसेल?

खडीसाखर: चित्रकला स्पर्धेचं.

चावडी: नाटकवाले 'बेतलेलं' म्हणतात, ते घ्या. शिंप्याचा शब्द आहे. माप दुसऱ्याचं, कापड आपलं.

शब्दपारखी: बेतलेलं म्हटलं की श्रेय दिलेलं असतं. 1987 च्या 'ग्रेट गियाना सिस्टर्स'ची पहिली पातळी 'सुपर मारिओ'सारखी जवळजवळ विटेला वीट. ती बेतलेली?

जुनी_कॅसेट: तीही बघूनच काढलेली. फक्त वहीवर वही ठेवून.

खडीसाखर: ढापणे वरून आठवलं. टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांवर ढापणं असतात. ढापणे म्हणजे मुळात झाकणे, वस्तू झाकून नेली की ती ढापली. ही आमच्या आजोबांची व्युत्पत्ती, पुरावा मागू नये.

बांधावरून: मागतोय.

शाळेचा_डबा: स्नॅपर! आमच्या शाळेत सरकारी योजनेतून बीबीसी मायक्रो आले होते, 84-85 च्या सुमाराला. चपला बाहेर काढून आत जायचं आणि सर आधी कीबोर्डवरचं कापड घडी करून ठेवायचे. गेमला मनाई, मात्र सर स्टाफरूममध्ये गेले की टोपीवाला हजर. आम्ही त्यालाच पॅकमॅन म्हणायचो. खरा पॅकमॅन पुढे कितीतरी वर्षांनी बघितला तेव्हा वाटलं, ह्याची टोपी कुणी काढली?

रानमेवा: हे लेखात घालू का? आणि शब्दाचं काय ते कुणीतरी सांगा, परवा मजकूर द्यायचाय.

आमराई: एक विचारू? मगाचपासून सगळे 'तो गेम' म्हणताय. गेम 'ती' ना?

बांधावरून: 'ती' कशी? खेळ तो, म्हणून गेम तो.

आमराई: मग मॅच 'ती' कशी? सामना तर 'तो' आहे.

खडीसाखर: मुंबईत कुणाची तरी गेम होते, कुणाचा तरी होत नाही.

शब्दपारखी: 'खेळ' म्हणा, वादच मिटेल.

चावडी: मिटतोय कसला! आमच्याकडे खेळ म्हणजे तंबूतला सिनेमा.