बाल्झाकची प्रेम-लग्नावरची वाक्यं नुसती चतुराई म्हणून वाचायची का?

परवा नात्यातल्या एका लग्नाच्या स्वागत समारंभात नवरदेवाच्या मित्राने माइकवरून एक वाक्य वाचलं: "नवरा होण्यापेक्षा प्रियकर होणं सोपं. अधूनमधून गोड बोलणं जमतं, रोज चतुर राहणं जमत नाही." हशा पिकला, टाळ्या पडल्या. वाक्य फ्रेंच कादंबरीकार ओनोरे द बाल्झाकचं, 'विवाहाचं शरीरविज्ञान' या १८२९ सालच्या पुस्तकातलं. घरी येऊन मी ते पुस्तक पुन्हा काढलं. त्यातच हेही आहे: विवाहित स्त्री ही गुलाम आहे, तिला सिंहासनावर बसवता आलं पाहिजे. आणि हे: स्त्री म्हणजे करार करून मिळवलेली मालमत्ता, जंगम मालमत्ता, कारण ताबा हाच मालकीचा पुरावा. ही वाक्यं कोणी माइकवरून वाचत नाही.

माझं म्हणणं असं की हीच या पुस्तकातली सगळ्यात खरी वाक्यं आहेत. १८०४च्या नेपोलियनच्या नागरी संहितेत २१३वं कलम होतं: नवऱ्याने बायकोला संरक्षण द्यावं, बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. १८१६मध्ये नेपोलियननंतर परतलेल्या राजेशाहीने घटस्फोट रद्द केला, तो परत यायला १८८४ उजाडलं. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा लग्नातून बाहेर पडायला दार नव्हतं. बाल्झाक तरुणपणी पॅरिसमध्ये आधी वकिलाच्या, मग नोटरीच्या कचेरीत कारकून होता. लग्नाचे करार त्याने जवळून पाहिलेले. 'जंगम' हा शब्द त्याने तिथूनच उचलला आणि आरशासारखा समाजापुढे धरला, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

नदीकाठ
पूर्ण असहमत. आरसा म्हणायला ते पुस्तक कोणासाठी लिहिलंय ते बघा. नवऱ्यांसाठी. बायको हातची जाऊ नये म्हणून काय काय करावं याची त्यात प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. तिच्यावर पाळत कशी ठेवावी यावर एक, तर पलंग एकच असावा, जोडीने दोन असावेत की खोल्याच वेगळ्या असाव्यात यावर आणखी एक. तिच्या हाती पुस्तकं पडू देऊ नयेत असाही सल्ला आहे. वाचणाऱ्या बाईची भीती वाटणारा माणूस स्त्रीच्या बाजूने बोलतोय, हे मला पटत नाही. आणि लेखकाने स्वतःचं नावसुद्धा घातलं नव्हतं. 'एक तरुण अविवाहित' एवढीच ओळख.

जुनं पान
नदीकाठ, मुद्दा रास्त आहे, पण त्याचं घर कसं होतं तेही पाहा. त्याच्या आईचं लग्न झालं तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची, आणि वडील तिच्याहून ३२ वर्षांनी मोठे. ओनोरे जन्मला तो दाईकडे गेला. आठव्या वर्षी वांदोमच्या वसतिगृहात टाकला, तिथे सहा वर्षं. ठरवून केलेल्या लग्नात प्रेम न मिळालेली बाई मुलालाही माया देऊ शकत नाही, हे तो पोरवयात भोगून बसला होता. पुढे त्याला लिहायला बळ दिलं ते लोर द बेर्नी या त्याच्याहून २२ वर्षांनी मोठ्या, विवाहित बाईने. स्त्रीला कमी लेखणारा माणूस हे ऋण आयुष्यभर इतक्या आदराने सांगत नाही.

नदीकाठ
एका बाईचे उपकार मानणं वेगळं आणि सगळ्या बायकांना ताब्यातली वस्तू म्हणणं वेगळं. आपल्याकडेही आईच्या पाया पडून बायकोला बोलणारे कमी नाहीत. आयुष्य बाजूला ठेवू. लिखाणावर बोला.

अत्तरदाणी
लिखाणावरच बोलते. बाल्झाकची 'तीस वर्षांची स्त्री' ही कादंबरी वाचा. ज्युली वडिलांचा सल्ला डावलून देखण्या लष्करी अधिकाऱ्याशी, व्हिक्तर द'एग्लमोंशी, लग्न करते आणि त्यात घुसमटते. ती धर्मगुरूला तोंडावर सांगते की आज जसं चालतं तसं लग्न म्हणजे कायदेशीर वेश्याव्यवसाय आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. त्याच्याच 'गोरिओ बाप' या कादंबरीत (१८३५) तर हिशेबच मांडलाय. बाप सगळं काही मुलींच्या हुंड्यात घालतो, आणि त्यातल्या एकीचे, डेल्फीनचे, पैसे नवऱ्याच्या व्यवहारांत असे अडकतात की तिला स्वतःच्याच पैशासाठी हात पसरावे लागतात. हे लिहिणाऱ्याला 'जंगम' म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं.

नदीकाठ
आणि त्याच ज्युलीचं पुढे तो काय करतो? तिची मुलगी धाकट्या भावाला नदीत ढकलते, मग समुद्री चाच्याबरोबर पळून जाते, आणि शेवटी दुसऱ्या मुलीच्या वागण्याने ज्युली खचून मरते. बाईच्या तोंडी खरं बोलणं घालायचं आणि मग तिला त्याचीच शिक्षा द्यायची. मला त्यात न्याय दिसत नाही.

धागालेखिका
नदीकाठ, शिक्षेचं तुमचं म्हणणं मान्य. तो भाग वाचताना मलाही राग येतो, आणि पाळतीच्या प्रकरणांचं समर्थन मी करणार नाही. पण त्याच 'शरीरविज्ञाना'तलं एक छोटं सूत्र राहून गेलं: लग्नाची सुरुवात कधीही बलात्काराने करू नका. १८२९ साली, नवऱ्यांना उद्देशून, अगदी उघड शब्दांत! विवाहातही बलात्कार होऊ शकतो हे फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट मान्य केलं १९९०मध्ये, म्हणजे १६१ वर्षांनी. आपल्या कायद्यात तर नवऱ्याला बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवाद अजून आहे.

नदीकाठ
हे सूत्र मला माहीत होतं, आणि ते महत्त्वाचं आहे हे मी नाकारत नाही. फक्त पुढच्या लग्नात त्या मित्राने माइक घेतला की हे वाक्य वाचायला सांगा. वाचल्यावर किती जण हसतात ते इथे येऊन नक्की लिहा.