चालत्या गाडीत गरम जेवण
गगनबावड्याच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर जाताना गाडीच्या सॉकेटवर चालणारी छोटी शेगडी पुरेल का, या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो. बहुतेक गाड्यांतील १२ व्होल्टच्या सॉकेटवर साधारण १२० ते १८० वॉटच मिळतात. १२० वॉटवर एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला, उष्णता अजिबात वाया गेली नाही असे धरले तरी, सुमारे ४४ मिनिटे लागतात. त्यामुळे तिथे नव्याने शिजवण्यापेक्षा घरून उकळता तांबडा रस्सा त्याच सॉकेटवर चालणाऱ्या घट्ट झाकणाच्या विजेच्या डब्यात तापता ठेवून नेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. डबा काठोकाठ मात्र भरू नये, कारण खडकाळ चढावर झाकणाच्या रबरातून तर्री हमखास बाहेर येते. भातासाठी रुंद तोंडाचा थर्मास उकळत्या पाण्याने आधी तापवून घ्यावा आणि दोन-चार मिनिटे उकळलेला तांदूळ पाण्यासकट त्यात भरावा, म्हणजे तो आतल्या उष्णतेवरच शिजतो. गॅसची शेगडी, पाऊस कितीही कोसळत असला तरी, गाडीच्या आत कृपया पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि काच बोटभर उघडी ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.