अनुभव धागा: उन्हाळ्याच्या शेवटी, भरपूर वारा आणि शिडाची होडी

उन्हाळा उतरणीला लागला की शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला जी मजा येते ती मला वर्षात दुसऱ्या कशातच येत नाही. समुद्र तापायलाही वेळ घेतो आणि निवायलाही, त्यामुळे उकाडा कमी झाला तरी पाणी अजून छान कोमट असतं, अंगावर तुषार आले तरी कुडकुडायला होत नाही. गेला शनिवार-रविवार तर नुसता वाऱ्याचाच होता. सकाळी पाणी एकदम संथ, शीड लोंबतंय, मग हळूहळू जमीन तापली आणि साडेअकराच्या सुमारास लांब पाण्यावर एक गडद पट्टा दिसायला लागला. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात ना, त्यातले हे खारे वारे, आणि ते येताना चक्क डोळ्यांना दिसतात! पट्टा होडीपर्यंत पोचला, जिब (पुढचं छोटं शीड) फटकन भरलं, टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) दाब आला आणि निघालो. तीन वाजेपर्यंत १६-१७ नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल) वारा होता.

तर मंडळी, तुमचेही असे दिवस लिहा. लांबच्या सफरी नकोत, किनारा दिसत असतानाच्याच हव्यात. आणि वारा वाढल्यावर होडीत नक्की काय काय केलंत ते तपशिलात लिहा, मला तेच वाचायचंय.

*

मस्त धागा! मी आणि ताई दोघीच होतो, २५ फुटी होडी. दुपारी वारा चढत गेला, होडी इतकी कलली की एका बाजूची कड पाण्यात आणि टिलर मला दोन्ही हातांनी ओढून धरावा लागत होता. वारा १० नॉटचा २० झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो, हे हातांना बरोबर कळतं. ताई म्हणाली, दे टिलर इकडे, रीफ घेऊ, म्हणजे शीड लहान करू. तिने मेनशीट (मुख्य शीड आवरायचा दोर) सैल सोडून होडी वाऱ्याच्या तोंडाजवळ धरली, मी हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) ढिलं करून मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, थोडं खाली घेतलं, शिडाचं पुढचं कडं बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) हुकात अडकवलं, हॅलयार्ड परत ताणलं आणि मग मागचा दोर विंचवर (दोर ताणायच्या चरकावर) घेतला, शिडाला खालच्या बाजूने एक सुरकुती राहत नाही तोवर. पाच मिनिटांचं काम.

आणि आता खरी गंमत, शीड लहान झालं तरी वेग तेवढाच, सहा नॉटच्या आसपास! कारण जास्त कललेली होडी आडवी घसरत जाते आणि तिला सरळ ठेवायला सुकाणू तिरकं धरावं लागतं, ते पाण्यात ब्रेकच असतं. रीफनंतर टिलर दोन बोटांनी धरता येत होता. ताई तर गाणी म्हणायला लागली.

*

रीफला +१००. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, लाटा सुरू झाल्या की तिला मळमळायचं. या वेळी तिला आत केबिनमध्ये जाऊच दिलं नाही, लाइफ जॅकेट घालून टिलरवर बसवलं आणि समोर क्षितिजावरचं एक टोक दाखवून म्हटलं, तिकडे ने. थोड्याच वेळात बाई एकदम खूश. शिडावरचे लोकरीचे टेलटेल (वारा दाखवणारे धागे) दोन्ही बाजूंचे सरळ मागे उडाले पाहिजेत एवढंच सांगितलं होतं, तर दर वाऱ्याच्या झोताला "बाबा, आतला उडतोय, शीट ओढा!" आणि मी ओढतोय. दिवसभर मळमळीचं नाव नाही.

*

वय झालं तरी मी अजून वारा यंत्रावर न बघता पाण्यावरच बघतो. फ्रान्सिस बोफर्टची १८०५ ची मोजपट्टी त्यासाठी फार उपयोगी, मुळात तिच्यात कुठल्या वाऱ्याला युद्धनौकेने किती शिडं लावावीत हाच हिशोब होता. लाटांचे पांढरे माथे बऱ्यापैकी दिसायला लागले की ४, म्हणजे ११ ते १६ नॉट. सगळीकडे पांढरंच दिसलं की ५, म्हणजे १७ ते २१. माझ्या होडीला ४ पूर्ण शिडाने, ५ ला पहिला रीफ.

फक्त एक लक्षात ठेवा मुलांनो, वारा पाठीवर घेऊन जाताना सगळं शांत वाटतं. वारा १५ आणि होडी ५ ने चाललेली असेल तर अंगाला १०च लागतो. तीच होडी परत वाऱ्याकडे वळवलीत की १८-१९ लागतो. म्हणून वळायच्या आधीच रीफ घ्यायचा, वळल्यावर नाही.

*

काका, हे अगदी पटलं. आमचा रविवार याच्या उलट प्रकारचा होता, वारा फार नव्हता पण खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर येत होतं आणि वारा आत, दोघं समोरासमोर. अशा वेळी लाटा लहान पण उभ्या आणि एकमेकींना चिकटून येतात, होडी नाक आपटत राहते. भरती-ओहोटीच्या सहा तासांत मधले दोन तास सगळ्यात जोराचे, जवळपास निम्मं पाणी त्यातच हलतं. मग आम्ही घाई केलीच नाही, एका आडोशाच्या वळणात नांगर टाकला. खोली चार मीटर, त्यात भरतीचे दोन धरून सहा, आणि दोर त्याच्या सातपट सोडला. काठावरचं झाड आणि मागचा खडक एका रेषेत धरून बघत राहिलो, होडी सरकत नाही ना. मग मस्त पोहलो, पाणी खरंच कोमट होतं, आणि डेकवर उन्हात ताणून दिली. ओहोटी संपल्यावर निघालो तर तेच मुख अगदी सपाट, वारा आडवा, एकही टॅक न मारता (नागमोडी वळणं न घेता) सरळ आत आलो.

*

वा, काय काय लिहिताय सगळे! जाइब करताना (शीड एका बाजूकडून दुसरीकडे फिरवताना) बूम कसा आवरता ते पण कोणीतरी लिहा ना, पाठीवरच्या वाऱ्यात मला तेवढंच अजून धडधडतं. पुढच्या शनिवारी १५-१८ दाखवतोय, मी पहिला रीफ धक्क्यावरच बांधून निघणार आहे.