बीचवरच्या लेडीज चेंजिंग रूममध्ये कोणी यायचं? गटात वाद पेटलाय

हापूसवाली_देवगड:
आमचा महिला बचत गट आहे देवगड तालुक्यात. किनाऱ्याजवळ ग्रामपंचायतीनं बांधलेलं स्वच्छतागृह आम्हीच चालवतो. बायकांच्या बाजूला दोन संडास आणि कपडे बदलायला एक लांबट खोली, तिच्यात आडोसे नाहीत, मे महिन्यात गर्दी झाली की आठ-दहा बायका एकदम ओले कपडे काढत असतात. शेजारच्या गावातली एक ट्रान्सजेंडर मुलगी आहे, बाजारात मासळी विकते, सगळे ओळखतात तिला. ती म्हणते मी बायकांच्याच बाजूला जाणार, पुरुषांकडे गेलं की टोळकी मागं लागतात. झालं, गटात दोन तट. एक ताई व्हॉट्सअपवर टाकते की लंडनच्या कोर्टानं सांगितलंय बाई म्हणजे जन्मानं बाई, विषय संपला. दुसरी म्हणते आपल्याकडे अडवलंस तर जेलात जाशील. चावी माझ्याकडे असते, दारात उभं राहून हो-नाही मलाच म्हणायचंय. नक्की लागू काय होतं ते कोणी नीट सांगेल का?

वकिली_रत्नागिरी:
ताई, लंडनचा निकाल खरा आहे पण तो तिथल्या कायद्यापुरता. १६ एप्रिल २०२५ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यांच्या २०१० च्या इक्वालिटी अ‍ॅक्टमध्ये 'बाई' म्हणजे बायोलॉजिकल सेक्सनं बाई. मूळ भांडण स्कॉटलंडमध्ये सरकारी बोर्डांवरच्या बायकांच्या जागांवरून होतं. त्याच निकालात असंही आहे की ट्रान्स लोकांना भेदभावाविरुद्धचं संरक्षण राहतंच, आणि हा एका गटाचा दुसऱ्यावर विजय समजू नका असं न्यायाधीशांनी स्वतः बजावलं. फॉरवर्डमधून हा भाग गळतो.

आपल्याकडे सुरुवात २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालापासून. सुप्रीम कोर्टानं जेंडर आयडेंटिटी, म्हणजे माणूस स्वतःला बाई, पुरुष की तृतीयपंथी मानतो ती ओळख, मान्य केली, आणि त्याच निकालात सरकारला ट्रान्सजेंडर लोकांसाठी वेगळी सार्वजनिक स्वच्छतागृहं करायलाही सांगितलं. मग २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा आला. सर्वांसाठी असलेल्या सोयी वापरू न देणं हा त्यात भेदभाव धरलाय, सार्वजनिक जागी अडवलं तर ६ महिने ते २ वर्षं शिक्षा. पण लेडीज टॉयलेट किंवा चेंजिंग रूमबद्दल थेट वाक्य त्यात नाही, त्यामुळे 'जेलात जाशील' हेही फार सरळसोट झालं. ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या, सगळा भार तुमच्या एकटीवर कशाला?

आजी_गुहागर:
मी स्पष्टच लिहिते. मला त्या पोरीचं वाईट चिंतायचं नाही. पण उघड्या खोलीत सोळा वर्षांची मुलगी कपडे बदलतेय आणि शेजारी पुरुषाच्या शरीराचं कोणी, तर ती मुलगी आकसणारच, आणि तिला तू मागासलेली असं म्हणायचा हक्क कोणाला नाही. बायकांना घराबाहेर आडोशाची जागा मिळायला किती पिढ्या गेल्या, आम्ही अंधार पडायची वाट बघायचो. ती जागा शरीरामुळेच वेगळी केली ना? मग शरीराचा विषयच काढायचा नाही हे कसं?

समुद्रकाठची_मी:
मी ट्रान्स स्त्री आहे, सिंधुदुर्गातलीच. आजी, तुमचं मी वाचलं, राग आला नाही. पण पुरुषांच्या बाजूला माझं काय होतं तेही ऐका, बाहेरून कडी लावून हसत उभे राहतात. म्हणून लांबच्या एसटी प्रवासात मी पाणीच पीत नाही, उन्हाळ्यातसुद्धा. दशावतारात पुरुष लुगडं नेसून राधा झाला की गाव रात्रभर बसून बघतं, पण तो वेष आहे, पहाटे उतरतो. माझा उतरत नाही. आणि उघड्या खोलीत दहा जणींसमोर कपडे काढायला मलाच नकोय हो! मला कडी असलेलं दार हवंय, बस.

गाबीत_मालवण:
माका वाटता घोळ त्या खोलयेचो हा. आडोसे घाला मगे! फायबरचे पत्रे नायतर सिमेंट बोर्ड, जमनीपासून वरपर्यंत, आतसून कडी. चार खण होतले. एक खण बाहेरच्या बाजून दार काढून कोणाकय वापरूक ठेवा, पोराक घेवन इलेलो बापूस, म्हातारा माणूस, सगळ्यांचो उपयोग होतलो.

वकिली_रत्नागिरी:
हे बरोबर. त्या २०१९ च्या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांतही आस्थापनांसाठी युनिसेक्स, म्हणजे कोणीही वापरावं अशा टॉयलेटचा उल्लेख आहे, ग्रामसभेत तो दाखवा. आणि कोणी डोकावलं, मोबाइल धरला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, त्याचा बोर्ड मराठीत दारावरच लावा.

आजी_गुहागर:
खण करा, माझी हरकत मिटली म्हणून नाही, पण सगळ्याच पोरींना बरं पडेल. मात्र फक्त बायकांचे खण बायकांचेच राहू देत, 'सगळ्यांसाठी' म्हणत म्हणत तेही जायला नकोत. आणि काम होईपर्यंत काय?

हापूसवाली_देवगड:
संडासांना दारं-कड्या आहेत, ते तिला आजपासून खुले, हे मी माझ्या अधिकारात सांगते. उघडी खोली एकावेळी एकीनंच वापरायची, बाहेर बाकडं टाकते, रांग लागली तर लागू दे. ग्रामसभेत अर्ज देतेय चार खणांचा, त्यातला एक बाहेरच्या दाराचा. गटाच्या मीटिंगला तिलाही बोलावलंय, तिच्यामागे ठरवणार नाही. आजी, तुमचा मुद्दा मी तुमच्याच शब्दांत वाचून दाखवेन.