जहाजावरचं सेमिस्टर: बेळगावातून तयारी कशी करायची?

शहापूरची_ताई
धाकट्या बहिणीची 'सेमिस्टर ॲट सी'साठी (जहाजावर देशोदेशी फिरत एक सेमिस्टर शिकायचं, त्यासाठी) निवड झालीय. जहाज युरोपातून सुटून आफ्रिकेला वळसा घालत भारतात आणि पुढं व्हिएतनामकडे जाणार. पासपोर्ट अजून काढलेला नाही, घरचे बरेच कागद कन्नडमध्ये आहेत. सुरुवात कुठून करू? आणि चोर्ला घाटातच तिला गाडी लागते, मग जहाजावर अभ्यास जमेल का?

कॅम्पातला_दादा
ताई, आधी पासपोर्ट. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची अपॉइंटमेंट घ्या आणि 60 पानांचं बुकलेट मागा. 36 पानांच्याला 1500 आणि याला 2000 रुपये पडतात, पण एकेक व्हिसा अख्खं पान खातो.

आपल्याकडे घोळ होतो तो नावात. एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मार्क्स कार्डावर बऱ्याचदा नुसती आद्याक्षरं असतात, पासपोर्टला ती चालत नाहीत. आधार, मार्क्स कार्ड आणि जन्मदाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. जन्मगावाचंही तसंच. 2014 च्या नोव्हेंबरपासून इंग्रजीत 'बेळगाव'चं 'बेळगावी' झालं, त्यामुळे जुन्या दाखल्यावर एक आणि नव्यावर दुसरं. पासपोर्टवर जे छापलं जाईल तेच पुढच्या प्रत्येक व्हिसा फॉर्मवर उतरवायचं.

आता व्हिसा. एका वकिलातीत पासपोर्ट अडकला की दुसरीकडे अर्ज करता येत नाही, म्हणून कॅलेंडर मांडूनच बसा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात. निकाल साधारण 15 दिवसांत लागतो, कधी 45 दिवसांवरही जातो. मागायचा तो मल्टिपल एंट्रीच, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत शिरता येणारा. कारण जहाज स्पेनहून मोरोक्कोला गेलं की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. पुन्हा स्पेनच्या बंदरात शिरताना ती दुसरी एंट्री. सिंगल एंट्री असेल तर बाकीची मुलं उतरतील आणि ही जहाजावरच बसेल.

व्हिसाला पैशांचा आधार म्हणून वडिलांची शेती दाखवणार असाल तर कन्नड पहाणीचं (कर्नाटकातल्या सातबाऱ्याचं) इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. (भारतातल्या बंदरात मात्र हिला व्हिसा नको, तिथं रांगेत बाकीचे उभे राहतील.)

शहापूरची_ताई
मल्टिपल एंट्रीचं डोक्यातच नव्हतं. वर्ग कसे भरतात?

मच्छे_रोड
वर्ग फक्त जहाज समुद्रात असताना. एक दिवस 'ए', दुसरा 'बी', विषय आलटून पालटून. समुद्रात शनिवार-रविवार मोजत नाहीत. बंदरात वर्ग नसतात, पण प्रत्येक विषयाचा एक फील्ड क्लास (जहाजाबाहेर प्रत्यक्ष जागी होणारा वर्ग) तिथं असतो आणि तो सक्तीचा. क्रेडिट कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे मिळतात, ते इथं आपोआप धरले जात नाहीत. कोणत्या पेपरऐवजी कोणता धरणार हे जाण्याआधीच कॉलेजकडून लेखी घ्या, तासांसकट सिलॅबस जोडून. नंतर मागायला गेलं की वर्ष हातचं जातं, हे कळकळीनं सांगतो.

पूर्वेकडे जाताना अधूनमधून रात्री घड्याळ एक तास पुढं सरकतं आणि झोप कापली जाते. इंटरनेटही तुटपुंजं असतं, वाचायचं ते बंदर सुटण्याआधीच उतरवून घ्यायला सांगा.

बोट लागण्यावर: खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन मागा, टोकाला हेलकावा जास्त बसतो. पोट रिकामं ठेवू नये. थोडी कोरडी पोळी किंवा बिस्किट आणि आल्याचा तुकडा, मग डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत राहायचं. पुस्तकात मान घातली की मळमळ वाढते, कारण डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानाच्या आतला तोल हलत असतो. मळमळीवरची ॲव्होमिनची गोळी डॉक्टरांना विचारून ठेवा. तिनं गुंगी येते, त्यामुळे परीक्षेच्या सकाळी घेऊ नये, आदल्या रात्री घ्यावी.

खानापूरची_माई
पिवळ्या तापाची लस विसरू नका गं. घाना-केनियाकडून येणाऱ्याकडे दाखला नसेल तर भारतात उतरताना सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, आपल्याच पोरांनाही. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आपल्याला गोव्यात मुरगाव बंदराचं सोयीचं. टोचल्यावर 10 दिवसांनी दाखला लागू होतो, मग जन्मभर चालतो. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

आणि बॅगेत कुंदा घालू नका. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे, विमानतळावरच काढून टाकतील. शेंगांची चटणी सीलबंद पाकिटात द्या. इस्त्री, किटली, उदबत्ती घरीच राहू दे, जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी.