मागे बसून खेळणारा भित्रा?

कोपऱ्यातलं मशीन
स्ट्रीट फायटर या मारामारीच्या व्हिडिओ गेमबद्दल काल इथे वाचलं: ‘गाईल घेऊन मागे बसून सॉनिक बूम फेकणाऱ्याशी मी हात मिळवत नाही. खेळायचं तर पुढे येऊन खेळा.’ गाईल हे त्यातलं पात्र, सॉनिक बूम हा त्याचा लांबून फेकायचा मारा. पुरावा म्हणून इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेची २००४ ची क्लिप. रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

त्याच मालिकेतला थर्ड स्ट्राइक. जस्टिन वाँगची चुन-ली अंतर राखून खेळतेय, दाइगो उमेहाराच्या केनची लाइफ संपल्यात जमा. ब्लॉक केलं असतं तरी चिप डॅमेजने, म्हणजे ब्लॉक करूनही जी थोडी लाइफ जाते तिने, गेला असता. वाँगने सुपर, म्हणजे लाथांचा मोठा हल्ला, सोडला, दाइगोने पंधराच्या पंधरा लाथा पॅरी केल्या, म्हणजे नेमक्या क्षणी लाइफ न गमावता अडवल्या, आणि मग उलटून मारलं. समोरच्याला काय सुचणार हे ओळखून तो थांबला होता. वाँग असा चिवट खेळला नसता तर ती वेळच आली नसती. त्याला भित्रा म्हणताना जीभ कशी रेटते?

झांगिफ
ते मीच लिहिलं होतं, नाव घेऊन बोला. पॅरीला स्टिक पुढे दाबावी लागते, मागे नाही! मी झांगिफ खेळतो, जवळ जाऊन धरून आपटणारा पैलवान. त्या आपटण्यासाठी, एका पाइलड्रायव्हरसाठी, अख्खा राउंड बूम खात चालायचं, उडी मारली की गाईलची फ्लॅश किक, वर मारलेली लाथ. समोरचा स्टिक खाली-मागे दाबून बसलेला. तुम्ही चालून बघा एकदा.

एक रुपया
थ्रोचं, म्हणजे जवळ जाऊन धरून आपटण्याचं, कुणी का बोलत नाही? ९७-९८ साली डोंबिवलीच्या आमच्या गेम पार्लरमध्ये नियम होता, ‘थ्रो नाही मारायचा.’ मुलगी मी एकटीच. ब्लॉक करून बसलेल्या दादाला सलग दोनदा थ्रो मारला. त्याने मशीनवर हात आपटला, ‘हिला खेळता येत नाही, नुसती चीटिंग करते.’ मालकाने बाहेर काढलं कुणाला? मला. कॉइन आत, दुसरा राउंड बाकी. अजून राग जात नाही.

कोपऱ्यातलं मशीन
ताई, वाईट झालं, पण विषय शैलीचा आहे.

एक रुपया
हाच विषय आहे! थ्रो ब्लॉक होत नाही, म्हणून तर तो दिलाय. तो बंद केला की ब्लॉक करणाऱ्याला अभय. आधी आपणच नियम करून त्याला मागे बसायला शिकवायचं आणि मग भित्रा म्हणायचं.

जुना खेळाडू
आमच्याकडेही थ्रोवरून मारामाऱ्या व्हायच्या. खांद्याला खांदा लावून उभे असायचो, त्यात हरलेल्याचा रुपया गेलेला. पोरं होतो हो, इतकं काय धरून बसायचं.

एक रुपया
बाहेर तुम्हाला काढलं नव्हतं.

कोपऱ्यातलं मशीन
आणि झांगिफराव, त्याच दिवशी फायनलला दाइगो केओच्या युनकडून हरला. क्लिप फिरवणारे तेवढं सांगत नाहीत.

झांगिफ
मला माहीत आहे, शिकवू नका. थ्रोचं ताईंचं पटलं. माझं अख्खं कॅरेक्टरच थ्रोवर उभं आहे, मी काय नाही म्हणणार. गाईलचं पटलेलं नाही. पुढच्या वेळी हात मिळवीन. ‘छान खेळलास’ म्हणणार नाही.